हौसेचा डबा आणि हिशेबाचा डबा

माझ्या फडताळात दोन डबे आहेत. एक बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणावरचं चित्र पार पुसून गेलेलं. दुसरा स्टीलचा, लग्नात आहेर आलेला, त्यावर मामाचं नाव कोरलेलं. पत्र्याच्या डब्यात हौसेची नाणी, स्टीलच्या डब्यात हिशेबाची. एखादं स्मारक नाणं, म्हणजे कुणाच्या किंवा कशाच्या आठवणीसाठी काढलेलं, घ्यायचं मनात आलं की ते कुठल्या डब्यात जाणार ते मी आधी ठरवतो आणि मग खिशात हात घालतो. एवढी साधी गोष्ट कळायला मला वीसेक वर्षं आणि साडेपाच हजार रुपये लागले. ते साडेपाच हजार कसे गेले ते पुढे सांगतो.

एसटीत वाहक म्हणून एकतीस वर्षं काढली, बहुतेक देवगड-मालवण पट्ट्यात. कुणकेश्वर, मिठबाव, मुणगे, आचरा. तांबळडेगची वस्तीची गाडी असली की रात्री गाडी लावून, जेवून, चिल्लर वेगळी करायला बसायचो. चालक घोरायला लागायचा आणि मी चाळीसच्या बल्बखाली रुपये आणि आठ आणे उलटेपालटे करत असायचो. छंद लागला तो तिथे. १९९० च्या आसपास चिल्लरीत काय काय निघायचं! इंदिरा गांधींचे १९८५ चे आठ आणे, नेहरूंच्या शताब्दीचा १९८९ चा रुपया, बाबासाहेबांचा १९९० चा रुपया. महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या जत्रेच्या जादा गाड्या सुटायच्या तेव्हा तर चंगळ. लोक वर्षभर कुठेतरी दाबून ठेवलेली नाणी त्या दिवशी बाहेर काढतात. ड्युटीवर जाताना खिशातल्या खासगी पैशांची नोंद करावी लागते, तपासणीवाले कुठेही चढतात. त्यामुळे नियम एकच होता: आठ आणे उचलले तर त्याच क्षणी स्वतःचे आठ आणे पिशवीत.

म्हणजे माझा निम्मा संग्रह दर्शनी किमतीत झालेला आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हेच सांगतो. पहिलं वर्षभर एकही नाणं विकत घेऊ नका. किराणावाल्याशी, पंपावरच्या पोराशी, देवळाच्या पुजाऱ्याशी ओळख वाढवा. शंभराची नोट द्या, पाच-दहाची नाणी घ्या, घरी जाऊन बघा आणि उरलेली परत द्या. सुट्या पैशांची सगळ्यांनाच टंचाई असते, कोणी नाही म्हणत नाही.

स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं १९६४ चं, नेहरू गेल्यानंतर काढलेलं, एक रुपया आणि पन्नास पैसे. त्यावर १८८९-१९६४ अशी सालं आहेत. रुपया शुद्ध निकेलचा, दहा ग्रॅमचा, लोहचुंबकाला चटकन चिकटतो. पुढची तांबं-निकेलची नाणी चिकटत नाहीत, आणि अलीकडची स्टीलची पुन्हा चिकटतात. म्हणून खिशात एक लहानसा चुंबक ठेवा. २००६-०७ च्या सुमाराचे पाच रुपयांचे काही स्मारक नमुने तांबं-निकेल आणि स्टील अशा दोन्ही धातूंत निघाले. दिसायला सारखेच, चुंबक लावल्याशिवाय फरक कळायचा नाही. जुनी जाडजूड पाचाची नाणी, नऊ ग्रॅमची, बाजारातून का गायब झाली यावर आमच्या डेपोत फार चर्चा व्हायच्या. ती बांगलादेशात नेऊन त्यांची दाढीची पाती करतात, अशा बातम्या पेपरात येत होत्या.

चुंबकानंतर भिंग. सालाच्या खाली बघा. छोटा चौकट आकाराचा हिरा असेल तर मुंबईची टांकसाळ, पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. प्रूफ म्हणजे खास आरशासारख्या झळाळीत पाडलेल्या नाण्यांवर मुंबईचं अक्षर असतं, आधी बी आणि १९९६ पासून एम. एकाच विषयाचं नाणं चारही टांकसाळींचं जमवायचं म्हटलं तर एका रुपयाच्या नाण्यात दोन वर्षांची करमणूक आहे.

पण माझ्या मते खरी मजा विषय धरून जमवण्यात. सगळंच जमवणाऱ्याचं काही पुरं होत नाही. मी कोकणाचा पट्टा धरला. टिळकांचे २००७ चे पाच रुपये, कारण जन्म रत्नागिरीचा. आंबेडकरांचा रुपया, कारण मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. शिवाजी महाराजांचे १९९९ चे दोन रुपये, त्याला कारण सांगायला नको, मालवणच्या समोर समुद्रात सिंधुदुर्ग उभाच आहे. सेल्युलर जेलचा १९९७ चा रुपया, कारण तिथे दहा वर्षं काढलेले सावरकर पुढे १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. कॉयर बोर्डाच्या साठ वर्षांचे दहा रुपये, कारण आमच्याकडे काथ्याच्या दोरीशिवाय मांडव उभा राहत नाही. रेल्वेच्या दीडशे वर्षांचे २००३ चे दोन रुपये, त्यावर हातात कंदील घेतलेला गार्ड हत्ती आहे. देवगडला रेल्वे येत नाही, नांदगाव नाहीतर कणकवली गाठावी लागते, तरी तो हत्ती माझ्या पट्ट्यात आहे. आवडतो म्हणून आहे. हौसेत असं चालतं. ह्या सगळ्या नाण्यांची बाजारातली किंमत मोजली तर एका बऱ्या सुरमईच्या आतच येईल, आणि माझी नात सुट्टीला आली की पहिला हाच डबा मागते.

आता दुसरा डबा.

त्यात शिरायचं तर आधी मान्य करायचं की चलनातल्या स्मारक नाण्यांत पैसा नाही. टांकसाळीने ती लाखांनी, कोटींनी पाडलेली असतात. तीस वर्षं सांभाळलेला रुपया पन्नासला गेला तरी त्यातून डब्याचा खर्च निघत नाही. पैशाच्या दृष्टीने विचार करायचा तो चांदीच्या नाण्यांचा, आणि थोडा प्रूफ संचांचा.

चांदीची सुरुवात १९६९ ची, गांधींच्या जन्मशताब्दीचे दहा रुपये. वजन १५ ग्रॅम, व्यास ३४ मिलिमीटर, चांदी ऐंशी टक्के. म्हणजे आत शुद्ध चांदी १२ ग्रॅम. हा बाराचा आकडा पाठच करा. चांदीचा किलोचा भाव घ्या, हजाराने भागा, बाराने गुणा, ती झाली त्या नाण्याची धातूची किंमत. त्याच्या वर दुकानदार जे मागतो ते हौसेचे पैसे. त्यावर १८६९-१९४८ अशी सालं आहेत, ती बघून काही विक्रेते '१९४८ चं नाणं आहे' म्हणून चढा भाव सांगतात. हसून पुढे जा. १९७२ पासूनच्या दहा, वीस, पन्नासच्या चांदीच्या नाण्यांत चांदी निम्मीच आहे. १९७३ चे वीस रुपये ३० ग्रॅमचे, पण चांदी १५ ग्रॅम. १९८२ च्या दिल्ली एशियाडचे शंभर रुपये ३५ ग्रॅमचे, चांदी साडेसतरा. पुढे कित्येक वर्षं मोठ्या नाण्यांना हाच मिश्रधातू: पन्नास टक्के चांदी, चाळीस तांबं, पाच निकेल, पाच जस्त. नव्या संसद भवनाचं २०२३ चं पंचाहत्तर रुपयांचं नाणंसुद्धा याचंच. रिझर्व्ह बँकेच्या नव्वद वर्षांचं २०२४ चं नव्वद रुपयांचं नाणं मात्र चाळीस ग्रॅमचं आणि जवळजवळ शुद्ध चांदीचं. वजनाचा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो. तो आणि वहीतला हा हिशेब दोन्ही सोबत असल्याशिवाय चांदीच्या नाण्याला हात लावू नका.

माझे साडेपाच हजार असे गेले. २०११ चा एप्रिल, आंब्याचा सीझन ऐन भरात, चांदी किलोला सत्तर हजारांच्या वर. टीव्हीवर रोज लाखाची भाषा. मुंबईला पाहुण्यांकडे गेलो होतो, तिथे एका विक्रेत्याकडून गांधींची पाच नाणी अकराशेला एक अशी घेतली. घरी आल्यावर हिशेब केला: धातू साडेआठशेच्या आसपास, वरचे अडीचशे त्याचे. 'गुंतवणूक आहे,' असं बायकोला सांगितलं. खरं म्हणजे मला पाचही नाणी आवडली होती, एकावरची काळपट निळी झाक तर फारच. म्हणजे हौस होती आणि मी तिला गुंतवणुकीची टोपी घातली. २०१५ च्या शेवटी मुलीच्या नर्सिंगच्या फीला पैसे कमी पडले तेव्हा चांदी चौतीस हजारांच्या आसपास आली होती. दुसऱ्या एका विक्रेत्याने नाण्याला साडेचारशे सांगितले. तीन विकली. निळी झाकवालं दिलं नाही, ते आता पत्र्याच्या डब्यात आहे, आणि त्याच्या जोडीचं एक स्टीलच्या. पुढे २०२० च्या ऑगस्टमध्ये चांदी पंचाहत्तर हजारांवर गेली, २०२५ ला लाखाच्या पार झाली. विकलेली तीन ठेवली असती तर आज बरे पैसे आले असते. पण फी २०१५ लाच भरायची होती. म्हणून हिशेबाच्या डब्यात तेवढेच पैसे टाका जे दहा वर्षं बाहेर काढायची वेळ येणार नाही. आणि चांदीच हवी असेल, गांधी नको असतील, तर सराफाकडून चोख चांदी घ्या. तिला नाण्याची वरकड द्यावी लागत नाही.

विक्रेता घेताना आणि देताना दोन वेगळे भाव धरतो, हेही लक्षात असू द्या. माझ्या अनुभवात त्याने शंभराला विकलेलं नाणं परत द्यायला गेलात तर साठ-पासष्ट हातात पडतात. त्याचं दुकान आहे, त्यालाही घर आहे, तक्रार नाही. पण नाण्याचा भाव दीडपटीने वाढल्यावर तुम्ही जेमतेम जिथे होतात तिथे पोचता.

टांकसाळीच्या संचांबद्दल थोडक्यात. सरकारी टांकसाळींच्या महामंडळाच्या वेबसाइटवर नोंदणी करून प्रूफ आणि यूएनसी, म्हणजे चलनात न गेलेल्या, नाण्यांचे संच घेता येतात. किंमत दर्शनी मूल्याच्या कितीतरी पट असते, कारण दीडशे, साडेतीनशे, साडेपाचशे रुपयांची ही नाणी बाजारात खर्चायला काढलेलीच नसतात. घेतलात तर मूळ खोका, पुस्तिका, प्रमाणपत्र सगळं जपा. सुट्या नाण्याला आणि खोक्यासकट नाण्याला वेगळा भाव मिळतो. नुसता गाजावाजा बघून घेऊ नका. माझ्याकडे एक संच आहे, सहा वर्षांपूर्वी दिलेल्या पैशांना तो आजही कोणी मागत नाही. विषय आवडीचा होता म्हणून पत्र्याच्या डब्यात शांत पडून आहे.

आता धुण्या-पुसण्याचं. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण कोकणात नाणी जितकी चोरांनी नेली नसतील तितकी चकाकवणाऱ्यांनी मारली.

माझे काका मुंबईत गिरणीत होते. १९७० च्या गणपतीला आले तेव्हा त्यांनी घरात गांधींचं एक चांदीचं दहाचं नाणं आणून दिलं. ते वर्षभर देवाच्या कोनाड्यात असायचं आणि दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पाटावर यायचं. मी तेव्हा लहान, पण मला ते नीट आठवतं: कडेला तपकिरी, आत मधासारखं, आणि अक्षरांच्या खाचांत जवळजवळ काळं. एका दिवाळीला आईने ते बघितलं आणि म्हणाली, "केवढा काळा पडला ह्या! लक्ष्मीक असला काळा नाणा दाखवतत?" पितळेची समई घासायला भिजत घातलेली सोलं, म्हणजे आमसुलं, होतीच. त्यातली दोन घेतली, वर चुलीतली राख, आणि अंगठ्याने गोल गोल. पाच मिनिटांत नाणं पांढरंफटक. पाटावर असं चमकलं की सगळे खूश. आज भिंगाखाली बघितलं की चेहऱ्यावर सगळीकडे बारीक गोल ओरखडे दिसतात, आईच्या अंगठ्याची वाट उमटल्यासारखे. संग्राहकाच्या दृष्टीने ते मेलं, राहिली बारा ग्रॅम चांदी. हिशेबाने स्टीलच्या डब्यात जायला हवं. मी पत्र्याच्या डब्यात ठेवलंय, सगळ्यात वर.

तेव्हा सोलं, चिंच, राख, टूथपावडर, भांड्याचा साबण यांपैकी काहीही नाण्याला लावू नका. चांदीवरची काळपट झाक हा मळ नाही, हवेतल्या गंधकाने आलेला थर आहे, आणि जाणकार त्याचेच पैसे देतात. मासे विकायला जाणाऱ्या बायांच्या हातची नाणी ओली आणि खारट असायची. तशी चलनी नाणी मी रात्री गोड्या पाण्यात, म्हणजे डब्यातल्या पिण्याच्या पाण्यात, भिजत ठेवायचो आणि सकाळी जुन्या मऊ पंच्यावर नुसती टिपायचो. घासायची नाहीत. मीठ तेवढं गेलं पाहिजे.

ठेवण्याचं संकट आमच्याकडे वेगळंच. जूनपासून चार महिने भिंतीला हात लावला तर ओला होतो. पुस्तकांना बुरशी, चामड्याच्या चपलांना बुरशी. स्टेशनरीच्या दुकानातले मऊ प्लॅस्टिकचे स्वस्त अल्बम वापरू नका. ते पीव्हीसीचे असतात आणि दोन पावसाळ्यांत नाण्याला हिरवा चिकट लेप चढवतात. पुठ्ठ्याची, पारदर्शक खिडकीची चौकोनी पाकिटं मिळतात ती चांगली, पण स्टेपलरची पिन मारायची नाहीत ती घ्या. इथे पिना एका पावसात गंजतात आणि गंज नाण्यापर्यंत जातो. आपोआप चिकटणारी येतात. रबरबँड कधीच नको, त्यातल्या गंधकाने चांदीवर काळा पट्टा उमटतो. वर्तमानपत्राचा कागद नको, डांबरगोळी नको. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, श्रावणात एकदा, रंगीत दाणे असतील तर रंग बदलला का बघा, आणि दाणे तव्यावर मंद आचेवर सुकवून परत टाका. औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यांतल्या जपून ठेवल्या तर विकत घ्यायलाही नको. नाणं धरायचं ते दोन बोटांनी कडेला, छाप-काट्यावर अंगठा ठेवायचा नाही. हात कोरडे असले पाहिजेत, आणि आंबा खाऊन तर मुळीच नाही.

आणि फसवणूक. वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला दहा लाख मिळतात, हा मेसेज मला किमान पंधरा जणांनी पाठवलाय. त्यात एक शाळामास्तर होते. ही नाणी २०१२ ची, भरपूर पाडलेली. 'विकून देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा' असं कोणी म्हटलं की फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती नसते, आणि तिच्या नावाने कमिशन मागायचा कोणालाही अधिकार नाही. रामदरबार किंवा मारुती असलेली, १८१८ सालची, ईस्ट इंडिया कंपनीची म्हणून विकली जाणारी नाणी बनावट, त्यांत जमवण्यासारखंही काही नाही. तांदूळ ओढणाऱ्या नाण्याची गोष्ट सांगणारा भेटला तर त्याला चहाही पाजू नका. आणखी एक: शेतात, विहिरीच्या खोदकामात शिवराया, म्हणजे जुनी तांब्याची शिवराई नाणी, सापडल्या तर त्या डब्यात टाकू नका. जमिनीत सापडलेल्या धनाचा कायदा १८७८ पासून आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवा.

नाणी डोळ्यांखालून घालायला ती विकत घ्यावी लागत नाहीत. मुंबईत फोर्टात रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथेही संग्रहालय आहे. दोन्ही ठिकाणी तासभर घालवलात तर खरं आणि खोटं यांतला फरक डोळ्यांना आपसूक कळायला लागतो.

एक काम आजच करा. वही घाला. कुठलं नाणं, कुठून आलं, काय दिलं, कुठल्या डब्यात. माझ्या वहीत हौसेच्या नाण्यांपुढे किमतीचा रकाना मी रिकामा ठेवतो आणि तिथे गाडी लिहितो: 'आचरा वस्ती', 'कुणकेश्वर जादा', 'मालवण पहिली'. मुलीला सांगून ठेवलंय, स्टीलचा डबा भाव बघून विकायचा, पत्र्याचा नातीला.

माझ्या कोकण पट्ट्यात एक जागा अजून रिकामी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मालिकेतले १९८६ चे मासेमारीचे आठ आणे. ऑनलाइन मिळतात, महागही नाहीत, पण मला ते इथेच, हातोहात मिळायला हवे आहेत. एकदा दिसले होते, तांबळडेगला. एका म्हाताऱ्या खलाशाने वरच्या बाजूला भोक पाडून किल्ल्यांच्या जुडग्यात ओवले होते. मी नवे कोरे दहा रुपये पुढे केले. मग पन्नास. त्याने जुडगा कमरेला परत खोचला. "ता गावाचा नाय तुका," म्हणाला. "काळोखात चावी गावता ती ह्याच नाण्यान." भोक पडलेलं नाणं संग्रहाला तसंही उपयोगाचं नसतं. तरी निवृत्त झाल्यावरही मी दोनदा त्या बाजूला चक्कर मारून आलोय.